संयुक्त रसायन-किरणोपचार (डोके व मानेचा कर्करोग)

संयुक्त रसायन-किरणोपचार ही डोके व मान या भागातील, स्थानिक पातळीवर पुढच्या टप्प्याला पोहोचलेल्या कर्करोगावरील उपचारपद्धती आहे. हिच्यात किरणोपचार चालू असतानाच, त्याच आठवड्यांत, रुग्णाला कर्करोगविरोधी औषध दिले जाते. औषध आधी आणि किरण नंतर असा क्रम यात नसतो. दोन्ही उपचार एकाच वेळी चालतात, म्हणून तिला सहवर्ती रसायन-किरणोपचार असेही म्हणतात. रुग्णालयांत मात्र ‘केमो-रेडिएशन’ हाच शब्द रूढ आहे. रुग्ण व त्यांचे नातेवाईक किरणोपचाराला ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. यांपैकी ‘शेक’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण किरण घेताना रुग्णाला उष्णता जाणवत नाही आणि दुखतही नाही. त्रास सुरू होतो तो दोन-तीन आठवड्यांनंतर.

या पद्धतीत सर्वाधिक वापरले जाणारे औषध सिस्प्लॅटिन हे आहे. ते किती मात्रेत आणि किती दिवसांच्या अंतराने द्यावे, हा प्रश्न जगभर अनेक वर्षे चर्चेत राहिला. त्यावरील एक महत्त्वाची चाचणी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाली.

== रोगाचे स्वरूप ==

तोंडाची पोकळी, घसा, स्वरयंत्र, नाकामागील पोकळी व सायनस या ठिकाणी उद्भवणाऱ्या कर्करोगांना एकत्रितपणे डोके व मानेचे कर्करोग म्हटले जाते. मेंदूच्या गाठी यात मोडत नाहीत. यांतील बहुतेक कर्करोग आतील अस्तराच्या चपट्या पेशींपासून सुरू होतात. गाठ मोठी झाली, शेजारच्या हाडात वा स्नायूत शिरली किंवा मानेतील लसिकाग्रंथींत उतरली, पण फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोहोचली नाही, तर त्या अवस्थेला स्थानिकदृष्ट्या प्रगत अवस्था म्हणतात. ढोबळमानाने हा तिसरा व चौथा टप्पा होय. चौथा टप्पा म्हणजे सारे संपले अशी समजूत सर्वत्र आढळते. या रोगाच्या बाबतीत ती खरी नाही. चौथ्या टप्प्यातील पुष्कळ रुग्णांवर रोग बरा करण्याच्या उद्देशानेच उपचार केले जातात आणि त्यांतील बरेच बरेही होतात.

जागतिक कर्करोग निरीक्षण संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण त्या एका वर्षात होते. पाश्चात्त्य देशांत घशाच्या कर्करोगामागे एचपीव्ही या विषाणूचा वाटा मोठा आहे, तर भारतात तंबाखू, सुपारी व मद्य ही मुख्य कारणे आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले. धूर काढणारे त्यांतले अगदी थोडे होते. बहुतेकांची तंबाखू चुना लावून गालात ठेवण्याची, गुटख्यातली किंवा मशेरीची होती. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती दात घासण्यासाठी म्हणून लावली जाते आणि ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, तिच्याकडे व्यसन म्हणून पाहिलेच जात नाही. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. मशेरी घरच्या चुलीवर होत असल्यामुळे ती अशा बंदीच्या कक्षेबाहेरच राहते.

== तत्त्व ==

किरणोपचारात शक्तिशाली क्ष-किरणांनी किंवा कोबाल्टपासून निघणाऱ्या गॅमा किरणांनी पेशींच्या डीएनएला इजा केली जाते. निरोगी पेशी ही इजा रात्रभरात बऱ्याच अंशी दुरुस्त करतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितके साधत नाही. म्हणून एकूण मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी दिली जाते. सिस्प्लॅटिन डीएनएला चिकटून त्याच्या धाग्यांत अडथळे निर्माण करते, त्यामुळे किरणांनी झालेली इजा दुरुस्त करणे कर्कपेशीला आणखी अवघड होते. औषधाच्या या गुणाला किरण-संवेदीकरण म्हणतात. याशिवाय शरीरात अन्यत्र दडलेल्या सूक्ष्म रोगावरही औषधाचा परिणाम होऊ शकतो, पण या पद्धतीत मुख्य लाभ मानेवरील आणि मूळ जागेवरील रोग आटोक्यात येण्याचा आहे.

सिस्प्लॅटिनचा जीवशास्त्रीय गुण अमेरिकेतील बार्नेट रोझेनबर्ग यांना योगायोगाने सापडला. विद्युतप्रवाहाचा जिवाणूंवर होणारा परिणाम ते तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, पण त्याचे कारण वीज नसून प्लॅटिनमच्या विद्युतअग्रांतून सुटलेले संयुग होते. हे संशोधन १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि १९७८ साली औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज ते अनेक भारतीय कंपन्या तयार करतात आणि कर्करोगाच्या औषधांत ते स्वस्तांपैकी आहे.

== परिणामकारकतेचा पुरावा ==

वेगवेगळ्या देशांतील चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेले मॅक-एनसी हे विश्लेषण या विषयात आधारभूत मानले जाते. त्याच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत १०७ चाचण्यांतील १९,८०५ रुग्णांचा समावेश आहे. किरणोपचारासोबत औषध दिल्यास पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ६.५ टक्क्यांनी आणि दहा वर्षांनी ३.६ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. तेच औषध किरणोपचाराआधी किंवा नंतर दिल्यास आयुर्मानात तसा लाभ दिसत नाही. वय वाढत जाते तसा फायदा कमी होतो आणि सत्तरीनंतर तो जवळपास उरत नाही. साडेसहा टक्के हा आकडा वाचकाला लहान वाटेल. त्याचा अर्थ असा, की दर पंधरा-सोळा रुग्णांमागे एक माणूस औषधाच्या जोडीमुळे पाच वर्षांनंतर जिवंत असतो, आणि दुष्परिणाम मात्र सर्वांनाच सोसावे लागतात.

स्वरयंत्राच्या कर्करोगात या पद्धतीमुळे आवाज वाचवणे शक्य झाले. पूर्वी पुढच्या टप्प्यात संपूर्ण स्वरयंत्र काढून गळ्याला कायमचे छिद्र ठेवावे लागे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दोन वर्षांनी स्वरयंत्र टिकून राहिलेल्यांचे प्रमाण संयुक्त उपचारात ८८ टक्के, आधी औषध व मग किरण दिलेल्यांत ७५ टक्के आणि केवळ किरण दिलेल्यांत ७० टक्के होते.

== शस्त्रक्रियेशी संबंध ==

तोंडाच्या कर्करोगात, म्हणजे गाल, जीभ, हिरडी यांच्या कर्करोगात, शक्य असेल तेव्हा शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार असतो. महाराष्ट्रातील बहुतांश रुग्ण याच गटातले असल्यामुळे इथे संयुक्त उपचार बहुधा शस्त्रक्रियेनंतर दिला जातो. घसा व स्वरयंत्र यांच्या कर्करोगात मात्र तोच अनेकदा मुख्य उपचार असतो.

शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला किरणांसोबत औषध लागत नाही. युरोपातील ३३४ रुग्णांची चाचणी आणि तिच्याबरोबर झालेली अमेरिकी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाल्या. युरोपीय चाचणीत पाच वर्षांनी जिवंत असणारे रुग्ण केवळ किरणोपचाराच्या गटात ४० टक्के, तर संयुक्त उपचाराच्या गटात ५३ टक्के होते. दोन्ही चाचण्या एकत्र तपासल्यावर असे दिसले, की खरा लाभ दोन प्रकारच्या रुग्णांना होतो: ज्यांच्या लसिकाग्रंथीचे आवरण फोडून रोग बाहेर आला आहे ते, आणि ज्यांच्या कापलेल्या भागाच्या कडेला कर्कपेशी शिल्लक आहेत ते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पॅथॉलॉजी अहवालातील या दोन ओळींवर पुढील उपचार अवलंबून असतो.

== मात्रेचा प्रश्न आणि मुंबईतील चाचण्या ==

वर उल्लेखिलेल्या बहुतेक चाचण्यांत सिस्प्लॅटिन शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम या मात्रेत, तीन आठवड्यांच्या अंतराने, एकूण तीनदा दिले गेले होते. ही मात्रा जबर आहे. तीव्र उलट्या होतात, मूत्रपिंडावर ताण येतो, कानांत गुणगुण सुरू होऊन ऐकणे कमी होते. अशा रुग्णाला भरपूर सलाइन द्यावे लागते आणि अनेकदा दाखल करून घ्यावे लागते. भारतातील गर्दीच्या रुग्णालयांत तेवढ्या खाटा नसतात आणि रुग्णही बहुधा आधीच खंगलेले असतात. त्यामुळे देशभर दर आठवड्याला ३० किंवा ४० मिलिग्रॅम देण्याची प्रथा पडली. ती सोयीची होती, सोसवण्याजोगी होती. ती तितकीच परिणामकारक आहे का, हे मात्र काटेकोरपणे तपासलेले नव्हते.

टाटा स्मारक रुग्णालयाने ते तपासले. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडलेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. डॉ. वनिता नोरोन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे २०१३ ते २०१७ या काळात ३०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम आणि दुसऱ्याला दर तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन किरणोपचारासोबत देण्यात आले. यांतील ९३ टक्के रुग्णांची शस्त्रक्रिया आधी झालेली होती. साप्ताहिक पद्धत उणी नाही, हे सिद्ध करण्याचा चाचणीचा हेतू होता. निष्कर्ष उलट आला. दोन वर्षांनी मूळ जागी व मानेत रोग आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण साप्ताहिक गटात ५८.५ टक्के, तर तीन आठवड्यांच्या गटात ७३.१ टक्के होते. तीव्र दुष्परिणाम साप्ताहिक गटात ७१.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ८४.६ टक्के रुग्णांना झाले. एकूण आयुर्मानातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. चाचणीचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्याच रुग्णालयात रुळलेल्या सोयीच्या पद्धतीविरुद्ध निघालेला निष्कर्ष जसाच्या तसा मांडला गेला, ही या चाचणीची नोंद घेण्याजोगी बाजू आहे.

याच रुग्णालयातील तोंडाच्या कर्करोगाच्या ९०० रुग्णांच्या दुसऱ्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर किरणांसोबत साप्ताहिक ३० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन देऊनही, सरसकट सर्व रुग्णांचा विचार करता, रोगनियंत्रणात फरक पडला नव्हता; अधिक धोक्याच्या उपगटात मात्र लाभाची चिन्हे होती. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर दर आठवड्याची ३० मिलिग्रॅम मात्रा अपुरी पडते, ही शंका बळावते.

याचा अर्थ साप्ताहिक पद्धतच बाद झाली असा नाही. जपानमध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या २६१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला ४० मिलिग्रॅम ही मात्रा तीन आठवड्यांच्या पद्धतीपेक्षा उणी ठरली नाही आणि तिचे दुष्परिणामही कमी होते. शस्त्रक्रियेविना मुख्य उपचार म्हणून दिलेल्या संयुक्त पद्धतीत ४० मिलिग्रॅमची मात्रा उणी नसल्याचा निष्कर्ष भारतातीलच एका चाचणीतूनही २०२२ साली मांडला गेला. तीस आणि चाळीस यांतला दहा मिलिग्रॅमचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण सहा-सात आठवड्यांत तो एकूण मात्रेत साठ-सत्तर मिलिग्रॅमचा होतो. उपचार संपेपर्यंत एकूण सुमारे २०० मिलिग्रॅम मात्रा शरीरात जावी, असे सध्या सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि ती कोणत्या हप्त्यांनी गेली यापेक्षा ती पूर्ण गेली की नाही, याला महत्त्व दिले जाते.

निमोटुझुमॅब या प्रतिपिंड औषधाची साप्ताहिक सिस्प्लॅटिनला जोड देऊन पाहणारी ५३६ रुग्णांची चाचणीही टाटा रुग्णालयातच झाली. तीत दोन वर्षांपर्यंत रोग न वाढलेल्यांचे प्रमाण ५०.१ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले. मात्र तुलनेच्या गटाला ३० मिलिग्रॅमचीच साप्ताहिक मात्रा दिली होती, हे हा आकडा वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

== सिस्प्लॅटिन न चालणारे रुग्ण ==

मूत्रपिंड कमजोर असणे, ऐकू कमी येणे किंवा प्रकृती फार ढासळलेली असणे, या कारणांनी पुष्कळ रुग्णांना सिस्प्लॅटिन देता येत नाही. अशांना पूर्वी नुसता किरणोपचार दिला जाई. सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड किरणांसोबत दिल्यास लाभ होतो, हे २००६ साली दिसले होते. पण त्याची किंमत भारतातील बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

२०१७ ते २०२१ या काळात टाटा रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आदींनी अशाच ३५६ रुग्णांची चाचणी केली. निम्म्यांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना त्यासोबत डोसेटॅक्सेल हे जुने, स्वस्त औषध दर आठवड्याला चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम या अल्प मात्रेत दिले. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. तोंड सोलवटण्याचा तीव्र त्रास मात्र २२.२ टक्क्यांवरून ४९.७ टक्क्यांवर पोहोचला. या निष्कर्षांनंतर सिस्प्लॅटिन न चालणाऱ्यांसाठी डोसेटॅक्सेल हा पर्याय भारताबाहेरील तज्ज्ञांनीही विचारात घेतला आहे.

== उपचाराचा क्रम व दुष्परिणाम ==

उपचार सुरू होण्याआधी दातांची तपासणी आवश्यक असते. किडलेले दात आधीच काढून जखम भरू द्यावी लागते, कारण किरणांनंतर दात काढल्यास जबड्याचे हाड मरण्याचा धोका असतो. रक्त, मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती तपासली जाते. चेहरा व मान रोज नेमक्या त्याच स्थितीत राहावी म्हणून गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा प्रत्येकासाठी वेगळा बनवला जातो. मुख्य उपचार म्हणून दिलेल्या किरणांची एकूण मात्रा ६६ ते ७० ग्रे, तर शस्त्रक्रियेनंतर ६० ते ६६ ग्रे असते. ती आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवड्यांत विभागलेली असते. प्रत्यक्ष सत्र काही मिनिटांचे असते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाचे आतील अस्तर लाल होऊन सोलवटते, चव जाते, लाळ घट्ट होते, गिळणे दुखरे होते. तिखट, आंबट आणि कडक पदार्थ असह्य होतात. कोकणातल्या माणसाला सोलकढी आणि माशाची आमटी दूर ठेवून पेज, मऊ भात, दूध, अंडे, वरणाचे पाणी यांवर राहावे लागते. गिळणे थांबलेच, तर नाकातून पोटात नळी घालून अन्न दिले जाते. या नळीला अनेक कुटुंबे घाबरतात आणि ती शेवटची अवस्था समजून नकार देतात. वास्तविक नळी तात्पुरती असते, आणि वजन टिकवून उपचार पुरा करण्यासाठीच ती असते. लाळग्रंथी वाचवणाऱ्या, किरणांची तीव्रता कमी-जास्त करता येणाऱ्या तंत्राने तोंडाचा कायमचा कोरडेपणा बराच कमी झाला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत वर्षभरानंतर हा त्रास जुन्या तंत्राने ७४ टक्के, तर नव्या तंत्राने ३८ टक्के रुग्णांत होता.

== खंड आणि अंतर: कोकणातील स्थिती ==

किरणोपचारात मध्ये खंड पडणे घातक असते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात, म्हणून उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा त्याहून थोडी अधिक घटते, असा अंदाज आहे. आठवडाभराची रजा म्हणजे औषधाच्या जोडीने मिळणारा सारा लाभ गमावण्यासारखे आहे.

कोकणाच्या दृष्टीने हा मुद्दा वैद्यकाइतकाच भूगोलाचा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेल्या खारेपाटणचे उदाहरण घेता येईल. तेथून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर आहे. कोल्हापूर करूळ किंवा भुईबावडा घाट चढून १०० किलोमीटरच्या आसपास, तर पणजी सुमारे १५० किलोमीटर. रोज जाऊन-येऊन सात आठवडे उपचार घेणे यांपैकी कोठेही शक्य नाही. रुग्णासोबत घरातील एक कमावता माणूस दोन महिने परगावी राहतो. उपचार पावसाळ्यात आला तर लावणी आणि आंबा-काजूच्या दिवसांत आला तर वर्षाचे उत्पन्न, यांवर पाणी सोडावे लागते. शिमगा आणि गणपती यांसाठी ‘चार दिवस घरी जाऊन येतो’ ही विनंती याच संदर्भात येते. तिच्यामागची ओढ समजण्यासारखी असली, तरी हे चार दिवस उपचारातून वजा होतात, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगणे गरजेचे असते.

खर्चाचा काही भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उचलला जातो. तिच्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांचा समावेश आहे. राहण्याचा प्रश्न त्याहून अवघड असतो. मुंबईत दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळ येथील नाना पालकर स्मृती समिती या संस्था बाहेरगावच्या रुग्णांना अल्प दरात निवारा देतात, पण गरज त्यांच्या क्षमतेपेक्षा फार मोठी आहे. रोग लवकर ओळखला जावा यासाठी टाटा स्मारक केंद्राने चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाच्या सहकार्याने कोकणात ग्रामीण तपासणीचे काम केले आहे. तोंडाचा कर्करोग आरशात दिसणारा रोग आहे. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडताना बोटे कमी मावणे ही त्याची लक्षणे कोणत्याही यंत्राविना ओळखता येतात. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या रोगाला बहुधा एकच उपचार पुरतो.

सत्रांची संख्या कमी करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या चाचणीत ३३ सत्रांतील ६६ ग्रेची तुलना २० सत्रांतील ५५ ग्रेशी केली गेली आणि लहान वेळापत्रक उणे ठरले नाही. चार आठवड्यांत संपणारा उपचार दूरच्या रुग्णांना मोठा आधार ठरू शकेल; तीव्र मात्रेच्या औषधासोबत तो कितपत सोसवेल, याचा अभ्यास वेगळा करावा लागेल.

== उपचारानंतर ==

संयुक्त उपचार संपल्यावर साधारण १२ आठवड्यांनी पेट-सीटी तपासणी करून रोग उरला आहे का ते पाहिले जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ५६४ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीनुसार ही तपासणी स्वच्छ आल्यास मानेची सरसकट शस्त्रक्रिया टाळता येते. त्यानंतर पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी आवश्यक असते, कारण रोग उलटण्याची शक्यता याच काळात सर्वाधिक असते. मानेवर किरण पडल्याने थायरॉइड ग्रंथी मंदावू शकते. थकवा, वजनवाढ व सुस्ती ही तिची लक्षणे कर्करोगाचीच मानून सोडून दिली जातात, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी तिची रक्ततपासणी सुचवली जाते. जबडा आखडू नये यासाठी तोंड उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम उपचार चालू असतानाच सुरू करून पुढे अनेक महिने चालू ठेवावे लागतात.